संत जेरोम

संत जेरोम (जन्म : इ.स. ३४७ च्या सुमारास, स्ट्रिडॉन. मृत्यू : परंपरेनुसार ३० सप्टेंबर, इ.स. ४२०, बेथलेहेम) हे ख्रिस्ती धर्मगुरू, मठवासी व भाषांतरकार होते. बायबलच्या जुन्या कराराचा बहुतांश भाग त्यांनी मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. पुढे 'वल्गेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या भाषांतराचा हा गाभा होय. पश्चिम युरोपची धर्मभाषा हजार वर्षांहून अधिक काळ त्यावर पोसली गेली.

पूर्वायुष्य

स्ट्रिडॉन हे डाल्मेशिया व पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सीमेवरील गाव गॉथ टोळ्यांनी उद्ध्वस्त केले. त्याची जागा आज निश्चित सांगता येत नाही. सुखवस्तू ख्रिस्ती घरातील जेरोम शिक्षणासाठी रोमला गेले व तेथे प्रसिद्ध व्याकरणकार डोनाटस यांचे शिष्य झाले. सिसेरो आणि व्हर्जिल यांच्या साहित्याची गोडी त्यांना तेव्हाच लागली. पुढे पूर्वेकडील प्रवासात आजारी असताना त्यांना एक स्वप्न पडले. त्यात ईश्वरी न्यायासनासमोर त्यांच्यावर आरोप झाला, की ते ख्रिस्ताचे नसून सिसेरोचे अनुयायी आहेत. यापुढे तसले ग्रंथ वाचणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्यांचे नंतरचे लेखन पाहता ती फार कडकपणे पाळली गेली असे दिसत नाही.

सीरियातील खाल्किसच्या वाळवंटात ते काही वर्षे तपस्वी म्हणून राहिले. मनातील वासनांना आवर घालण्यासाठी तेथेच त्यांनी ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी माणसाकडे हिब्रूचे धडे सुरू केले. त्या काळच्या लॅटिन लेखकांमध्ये ही भाषा जाणणारा दुसरा विद्वान जवळजवळ नव्हताच.

रोम आणि बेथलेहेम

इ.स. ३८२ मध्ये ते रोमला परतले आणि पोप दमासस यांचे साहाय्यक झाले. पोपच्या सांगण्यावरून त्यांनी चार शुभवर्तमानांच्या प्रचलित लॅटिन पाठाची शुद्धी केली. याच काळात मार्सेला, पॉला अशा उमराव घराण्यांतील विधवा त्यांच्याकडे धर्मग्रंथांचा अभ्यास करू लागल्या. पॉला यांची तरुण कन्या ब्लेसिला कठोर व्रताचरणानंतर मरण पावली, तेव्हा लोकांनी दोष जेरोम यांना दिला. इ.स. ३८४ च्या अखेरीस दमासस वारले आणि जेरोम यांचा आधार गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी रोम कायमचे सोडले.

पॉला आणि त्यांची दुसरी कन्या युस्टोकियम याही पूर्वेकडे आल्या. बेथलेहेम येथे पॉला यांच्या पैशातून पुरुषांचा एक व स्त्रियांचे तीन मठ, तसेच यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली. पॉला स्वतः हिब्रू शिकल्या आणि स्तोत्रे मूळ भाषेत गात. इ.स. ४०४ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्यामागे संपत्ती नव्हे, कर्ज उरले होते. जेरोम यांच्या ग्रंथकार्याचा विचार करताना या स्त्रीचे ऋण सहसा एका ओळीत उरकले जाते, ते योग्य नव्हे.

भाषांतर आणि शब्दांचे वाद

जुन्या कराराचे तोवरचे लॅटिन पाठ 'सेप्टुअजिंट' या ग्रीक भाषांतरावरून केलेले होते. हे ग्रीक भाषांतरच ईश्वरप्रेरित आहे, अशी अनेकांची श्रद्धा होती. ते बाजूला ठेवून यहुद्यांच्या हिब्रू पोथीकडे जाणे हे पुष्कळांना धर्मद्रोहासारखे वाटले. बेथलेहेममध्ये बारानिना नावाचा यहुदी शिक्षक जेरोम यांना शिकवायला लोकभयास्तव रात्री येत असे.

एका वनस्पतीवरून तर मोठेच वादळ उठले. योना संदेष्ट्यावर सावली धरणारे झाड जुन्या पाठात भोपळ्याचा वेल होते. जेरोम यांनी तेथे आयव्हीची वेल घातली. उत्तर आफ्रिकेतील ओएया या गावी हा नवा पाठ वाचताच मंडळी खवळली आणि बिशपांना आपली मंडळी गमावण्याची पाळी आली, असे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी जेरोम यांना कळवले. जेरोम यांचे उत्तर असे होते, की मूळ शब्द 'किकायोन' आहे. ती आधाराविना झपाट्याने वाढणारी वनस्पती असून तिला लॅटिन नाव नाही. मूळ शब्दच ठेवला असता तर तो कोणालाही कळला नसता. वर्णनावरून हा एरंड असावा, असे आज बरेच अभ्यासक मानतात.

दुसरे उदाहरण मोशेचे. सिनाय पर्वतावरून उतरताना त्याचा चेहरा तेजाने झळकत होता, असा प्रसंग आहे. तेथील हिब्रू क्रियापद 'शिंग' या शब्दाशी संबंधित आहे, आणि जेरोम यांनी 'शिंगे असलेला' हा अर्थ घेतला. केवळ अज्ञानाने तसे झाले म्हणावे तर सेप्टुअजिंटमधील तेजाचा अर्थ त्यांच्यासमोर होताच. बायबलमध्ये शिंग हे सामर्थ्याचेही चिन्ह आहे. मायकेलँजेलोने घडवलेल्या रोममधील मोशेच्या मस्तकावरील दोन शिंगे या शब्दातून आली.

स्तोत्रांच्या बाबतीत सवयच जिंकली. जेरोम यांनी ती हिब्रूवरूनही भाषांतरित केली. परंतु उपासनेत लोकांनी ग्रीक पाठावरून सुधारलेली त्यांचीच आधीची आवृत्ती धरून ठेवली आणि वल्गेटमध्येही तीच राहिली.

अखेरची वर्षे

जेरोम यांचा स्वभाव तापट, लेखणी बोचरी. ओरिजेन या धर्मपंडिताच्या मतांवरून बालमित्र रुफिनस यांच्याशी त्यांचे जे वैर जडले, ते रुफिनस यांच्या मृत्यूनंतरही त्यांनी सोडले नाही. इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर निर्वासित बेथलेहेमपर्यंत पोहोचले आणि त्यांच्या सेवेपायी यहेज्केलवरील भाष्याचे काम मागे पडले. इ.स. ४१६ मध्ये जमावाने मठांवर हल्ला करून ते जाळले.

चित्रांत त्यांच्या अंगावर कार्डिनलचा लाल झगा दिसतो, पण त्या काळी तसा पोशाख नव्हता. पायाशी बसलेला सिंहही दुसऱ्या एका संताच्या, गेरासिमस यांच्या, आख्यायिकेतून आलेला आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने इ.स. १५४६ मध्ये वल्गेटला कॅथलिक चर्चचा अधिकृत पाठ ठरवले. ३० सप्टेंबर हा जेरोम यांचा स्मृतिदिन आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी त्याला २०१७ मध्ये मान्यता दिली.