प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस : एक संख्याव्रती

स्वतः आखलेल्या योजनेचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे मोजायला बसणारी माणसे विरळाच. महालनोबिस हे नाव आपण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपुरते पाठ करतो. मला मात्र ते या मोजणीसाठी मोठे वाटतात.

२९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून ते केंब्रिजला गेले. परतताना बोटीवर ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड वाचता वाचता त्यांना संख्याशास्त्राचे वेड लागले. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. कॉलेजातील त्यांच्या खोलीतच ती सुरू झाली; पहिल्या वर्षाचा खर्च अवघा २३८ रुपये! बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करून त्यांनी दाखवून दिले की, प्रत्येक शेत न मोजता नीट निवडलेले नमुने तपासले तरी भरवशाचा अंदाज बांधता येतो. याच पायावर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली.

पंडित नेहरूंनी त्यांना नियोजनाच्या कामात ओढले. १९५५ मध्ये त्यांनी दुसऱ्या योजनेचा आराखडा मांडला. विचार सरळ होता. कापडाला यंत्र हवे आणि यंत्राला पोलाद हवे. ही दोन्ही परदेशातून आणत राहिलो तर परावलंबन सुटणार नाही. म्हणून गुंतवणुकीचा मोठा वाटा अवजड उद्योगांकडे वळवायचा. भिलाई, रूरकेला आणि दुर्गापूरचे पोलाद कारखाने याच काळात उभे राहिले. खासगी कारखानदाराला मात्र १९५१ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागे. अपुरे भांडवल भलतीकडे जाऊ नये आणि उद्योग मूठभरांच्या हाती जाऊ नयेत, असे दोन्ही हेतू त्यामागे होते.

घडले वेगळेच. ज्यांच्याकडे पैसा, पत आणि दिल्लीत वावर, त्यांचे अर्ज आधी पोचत. काहींनी परवाने मिळवले, कारखाने काढलेच नाहीत. पण त्यामुळे इतरांची वाट अडली. मुंबई विद्यापीठाचे प्रा. आर. के. हजारी यांनी १९६७ च्या अहवालात हे दाखवून दिले.

त्याआधीच, १९६० मध्ये, उत्पन्नाची वाटणी आणि राहणीमान तपासणाऱ्या समितीचे अध्यक्षपद महालनोबिसांकडे आले होते. म्हणजे पेपर लिहिणाऱ्यानेच तो तपासायचा! त्यांनी स्वतःला वाढीव गुण दिले नाहीत. नियोजनाच्या कारभारानेच मोठ्या कंपन्यांच्या वाढीला हातभार लावला, असा निष्कर्ष समितीने १९६४ मध्ये नोंदवला. त्याच वर्षी मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला. खासगी बिगरबँक कंपन्यांची सुमारे ४७ टक्के मालमत्ता ७५ उद्योगसमूहांकडे असल्याचे त्याला आढळले. त्यातून १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आला. २० कोटी रुपये किंवा अधिक मालमत्तेच्या उद्योगसमूहांना मोठ्या विस्तारासाठी केंद्राची परवानगी लागू लागली.

खरी अडचण येथेच आहे. सरकारला उत्पादन हवे होते आणि ते झटपट वाढवण्याची ताकद मोठ्या समूहांतच होती. म्हणून १९७३ च्या धोरणाने महत्त्वाच्या उद्योगांत त्यांना पुन्हा वाव दिला. सरकारी उपक्रम तर कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. एका हाताने आवळायचे आणि दुसऱ्या हाताने सैल सोडायचे, असे चालले. १९९१ मध्ये मालमत्तेची अट गेली. २००२ च्या स्पर्धा कायद्याने मोठेपणाऐवजी बळाच्या गैरवापराकडे पाहिले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडिलांचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. अँगल आणि पत्रा मिळाला नाही तर दुकान बंद, आणि विकणारे मोजकेच असले तर ते सांगतील तो भाव. म्हणून मला कारखानेही हवेत आणि त्यांच्यावर अंकुशही. यांतले एकच निवडा, असे सांगणारा आमचे दुकान पाहत नाही.

२८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशी वर्षे पूर्ण व्हायला एकच दिवस उरला असताना, महालनोबिस गेले. हा पेच त्यांना सुटला नाही, पण त्यांनी तो झाकलाही नाही. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. योजना आखणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी आपल्या योजनेची वाटणी एकदा मोजून पाहावी, एवढेच मला वाटते.