केडगाव स्टेशन

दौंडच्या शाखेत असताना मी तीन वर्षं पुण्याहून रोज गाडीने जात असे. वाटेत केडगाव लागायचं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच, हे माहीत होतं. पण एकदाही उतरलो नाही. खरं सांगायचं तर आमच्या आजीपुढे रमाबाईंचं नाव काढायची सोय नव्हती. बाटलेली बाई, एवढ्यावर विषय संपे. निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी वाचलं आणि मग सौ.ला घेऊन मुद्दाम केडगावला जाऊन आलो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने मुलीला. पुढे दुष्काळात हे कुटुंब पायी हिंडत राहिलं. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई. आईला न्यायला खांदेकरी पुरेनात. रमाबाईंची उंची कमी, म्हणून तिरडीचा आपल्या वाटचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. ही हकीकत वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

कलकत्त्याला मिळालेली पंडिता ही पदवी, लग्न, दोन वर्षांत वैधव्य, पदरात मनोरमा, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा हे सगळं आपण ऐकलेलं असतं. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जातात म्हणून 1893 मध्ये ओरड झाली. रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग मला आजही अगदीच खोटा वाटत नाही. विश्वासाने ठेवलेली मुलगी असते शेवटी.

पण त्यानंतरचं आजीला कुणी सांगितलंच नसावं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर फोड, केसांत उवा. त्यांना न्हाऊ घालायचं, बेताबेताने जेवू घालायचं, रात्री उशाशी बसायचं. केडगावला 100 एकर जमीन होती, तिथे विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या राहिल्या. 1900 च्या दुष्काळानंतर तर माणसं 2000 च्या घरात गेली. एवढ्यांचा रोजचा स्वयंपाक म्हणजे काय, ते आपल्या गणपतीच्या भंडाऱ्याला वाढपी कमी पडतात तेव्हा कळतं! मुली हातमाग, तेलघाणा, गुरं, छापखाना सांभाळू लागल्या. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल शिकवलं.

या रगाड्यात बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण त्यांना साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल आणायचं होतं. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. बायबल छापून पूर्ण झालं ते 1924 साली.

परतीच्या गाडीत सौ. म्हणाली, तीन वर्षं रोज जात होता, कधी बोलला नाहीत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.