दिव्यापलीकडचा एडिसन

थॉमस आल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा आणि फोनोग्राफ या दोन वस्तू आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला भेटलेला एडिसन एवढाच. परंतु दिवा यशस्वीपणे पेटला तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता आणि त्यानंतर आणखी बावन्न वर्षे जगला. या उरलेल्या आयुष्यातील जवळजवळ दहा वर्षे त्याने अशा एका वस्तूसाठी वेचली की जिच्याकडे आपण गाडी सुरू होईनाशी झाल्यावरच पाहतो. ती वस्तू म्हणजे बॅटरी.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शास्त्रज्ञाच्या चरित्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु या दहा वर्षांच्या कथेत प्रयोगशाळा जितकी आहे तितकाच बाजारही आहे. भांडवल, तोटा, गिऱ्हाईक, प्रतिस्पर्धी आणि पत, सारे काही तिच्यात आहे. म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. पुढे कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्यूरन येथे गेले. शाळा त्याला फारशी लाभली नाही; शिकविले ते आईने. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला आणि त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या. त्याला ऐकू कमी येई. १८६२ साली रुळांवर खेळणाऱ्या एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने ओढून बाजूला घेतले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्राचे काम शिकविले.

तारायंत्र चाले ते विद्युतघटांवर. त्यामुळे बॅटरीशी त्याची ओळख दिव्याच्याही आधीची. १८६७ साली लुइव्हिल येथे रात्रपाळीवर असताना त्याने प्रयोगासाठी घेतलेले गंधकाम्ल जमिनीवर सांडले आणि फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर साहेबाच्या खोलीत ठिबकले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. ज्या आम्लाने त्याची नोकरी घालविली, त्याच आम्लाच्या बॅटरीशी त्याला पुढे म्हातारपणी झुंजायचे होते.

मधला काळ सर्वांना ठाऊक आहे. १८७६ साली मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा, १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली दिवा, १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र आणि १८८७ साली वेस्ट ऑरेंज येथे पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी प्रयोगशाळा. कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळाले. पण नंतरच्या दशकात त्याने न्यू जर्सीच्या डोंगरात एक अवाढव्य कारखाना उभारला. हलक्या प्रतीचे लोहखनिज दळून लोहचुंबकाने त्यातील लोखंड वेगळे काढायचे, अशी ती योजना होती. यंत्रे चालली, पण मेसाबी भागात उत्तम प्रतीचे स्वस्त खनिज सापडले आणि बाजारभाव कोसळला. सुमारे वीस लाख डॉलर बुडाले. अशा अवस्थेत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एडिसन बॅटरीकडे वळला.

त्या काळी रस्त्यावर तीन प्रकारच्या मोटारी होत्या: वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या. यांतील कोण टिकणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे आणि तिचे इंजिन हॅंडल मारून फिरवावे लागत नसे. तिची दुखरी जागा एकच, ती म्हणजे बॅटरी. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली होती आणि १८८१ साली कामीय फोर याने तिच्यात मोठी सुधारणा केली होती. पण शिसे जड. आम्ल कपडे आणि लोखंड दोन्ही खाणारे. रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर शिशाच्या क्षाराचा कठीण थर बसे. खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरे बसले की प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचे. एडिसनला शिसे आणि आम्ल ही जोडीच मान्य नव्हती. आम्लाऐवजी अल्कली घ्यावी, शिशाऐवजी हलका व चिवट धातू घ्यावा, आणि गाडी मोडली तरी बॅटरी मोडू नये, असे त्याने ठरविले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हजारो प्रयोग फसल्यावर, कोणत्या हजारो गोष्टी निरुपयोगी आहेत हे आपल्याला समजले, असे एडिसनने म्हटल्याची कथा आपण दिव्याच्या संदर्भात ऐकतो. त्याच्या हयातीत, १९१० साली, प्रसिद्ध झालेल्या चरित्रात ही कथा दिव्याची नाही, बॅटरीची आहे. त्याचा सहकारी वॉल्टर मॅलरी त्याला भेटायला गेला, तेव्हा टेबलावर चाचणीच्या छोट्या घटांची रांग होती आणि नऊ हजारांहून अधिक प्रयोग होऊनही हाती काही लागले नव्हते.

अखेर निकेल, लोखंड आणि पोटॅश अल्कली यांचे त्रिकूट जमले. याच दिशेने स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हाही काम करीत होता आणि दोघांत पेटंटचा वाद झाला, हे नमूद केले नाही तर युंगनरवर अन्याय होईल. १९०१ साली एडिसनने बॅटरीसाठी स्वतंत्र कंपनी काढली. घट तयार होताच परीक्षा सुरू झाल्या. ते प्रयोगशाळेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकण्यात आले. गाड्यांत बसवून न्यू जर्सीच्या वाईटात वाईट रस्त्यांवर पिटाळण्यात आले. १९०३ साली माल बाजारात आला आणि एडिसनच्या नावावर हातोहात खपला.

थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. डाग दिलेले सांधे गळू लागले. निकेलमध्ये विजेच्या वहनासाठी मिसळलेले ग्राफाइट फुगून त्याचा संपर्क तुटे व घटाची ताकद उतरे. सगळेच घट बिघडले होते असे नाही. पुष्कळ गिऱ्हाइके समाधानी होती आणि नवीन मागणीही येत होती. अशा वेळी व्यापारी काय करील? माल विकत राहील, तक्रार करणाऱ्याला बदलून देईल आणि दोष हळूहळू सुधारील. एडिसनने १९०४ च्या अखेरीस कारखानाच बंद केला. सदोष घट परत घेतले, त्याचा भुर्दंड स्वतः सोसला आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला.

हिशेबाच्या वहीत हा निव्वळ तोटा होता. खनिजाच्या धंद्यात आधीच पोळलेल्या माणसाने दुसरा तोटा आपण होऊन ओढवून घेतला. पण नावलौकिक ही जी मालमत्ता आपण ताळेबंदात शेवटी कोठेतरी दाखवितो, ती त्याने अशी राखली. पाच वर्षांनी तो पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याच्याकडे गिऱ्हाइके वळली, याचे निदान अर्धे श्रेय या माघारीला दिले पाहिजे.

१९०९ साली नवी बॅटरी आली. ग्राफाइटच्या जागी निकेलच्या अतिशय पातळ चकत्या आल्या. त्या मिळविण्याची युक्ती मोठी सुंदर होती: तांबे आणि निकेल यांचे एकावर एक मुलामे चढवायचे आणि मग तांबे विरघळवून टाकायचे. या चकत्या व निकेलचे संयुग यांचे शेकडो थर छिद्रे पाडलेल्या पोलादी नळीत ठासून भरले जात. अल्कलीत थोडे लिथियम मिसळले होते. डबा पोलादाचा, सांधे वितळवून जोडलेले. ही बॅटरी आपटली, जास्त भरली किंवा महिनोन्‌महिने रिकामी ठेवली, तरी सहसा मरत नसे. वर्षानुवर्षे तिचे काम चाले.

एडिसन त्या वेळी बासष्ट वर्षांचा होता. वस्तू हवी तशी साधली. पण मधल्या काळात बाजार पालटून गेला होता. १९०८ साली हेन्री फोर्डची स्वस्त मॉडेल टी ही पेट्रोल गाडी आली होती. हा फोर्ड एडिसनच्या वीज कंपनीत पूर्वी इंजिनिअर होता, १८९६ साली एडिसनने त्याच्या पेट्रोल इंजिनाला उत्तेजन दिले होते आणि दोघांचा स्नेह जन्मभर टिकला. पेट्रोल गाडीचा एकच मोठा जाच होता, तो म्हणजे हॅंडल. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. १९११ साली चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. त्या स्टार्टरला वीज पुरवीत होती जुनी शिशाचीच बॅटरी!

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाला पहिला हिसका देण्यासाठी काही क्षण फार मोठा विद्युतप्रवाह लागतो. शिशाच्या घटाचा अंतर्गत रोध कमी असल्याने तो एवढा प्रवाह एकदम देऊ शकतो. निकेल-लोखंडाचा घट मोठ्या प्रवाहाला दबतो आणि थंडीत तर फारच मंदावतो. शिवाय शिशाचा एक घट दोन व्होल्टचा असतो, तर एडिसनचा सुमारे सव्वा व्होल्टचा. म्हणून बारा व्होल्टसाठी तिकडे सहा घट पुरतात, इकडे दहा लागतात. फोर्डने मित्राच्या बॅटरी कंपनीला मोठे कर्ज दिले, मॉडेल टीसाठी ती वापरण्याचा विचार केला, १९१४ साली स्वस्त विजेच्या गाडीची घोषणाही झाली. पण यांतले काही तडीस गेले नाही.

म्हणजे दहा वर्षे फुकट गेली काय? नाही. ज्यांना क्षणभराचा हिसका नको होता, दिवसभराची चिवट चाकरी हवी होती, त्यांनी ही बॅटरी उचलली. मालवाहू ट्रक, कारखान्यातील गाडे, आगगाडीच्या डब्यांतील दिवे, सिग्नल आणि विशेषतः खाणींतील इंजिने, जेथे रस्ता म्हणावा असा रस्ताच नसतो, तेथे ती वर्षानुवर्षे राबली. १९१५ च्या सुमारास तिच्यावर चालणारा खाणकामगारांचा टोपीवरचा दिवा आला. कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीने वायू पेटून माणसे मरत. त्या अंधारात हा ज्योतीवाचूनचा दिवा मोलाचा ठरला. उतारवयातील एडिसनला सर्वांत चांगला नफा देणाऱ्या वस्तूंत ही बॅटरी होती.

तिलाही काळी बाजू होती. समुद्राचे पाणी शिशाच्या बॅटरीत शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून पाणबुड्यांसाठी एडिसनची बॅटरी पुढे करण्यात आली. परंतु १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीत तिच्यातून सुटलेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसे दगावली. प्रत्येक बॅटरीचा स्वतःचा धोका असतो, हे त्या दिवशी महागात शिकावे लागले.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन वेस्ट ऑरेंज येथे वारला. त्याची बॅटरी त्याच्यानंतर चार दशके कारखान्यातून बाहेर पडत राहिली. १९७२ साली ती कंपनी शिशाच्या बॅटऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एक्साइड कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९७५ साली तेथील उत्पादन थांबले. निकेल-लोखंडाची बॅटरी मात्र संपली नाही. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज साठविण्यासाठी ती आजही काही ठिकाणी बनते व विकली जाते.

या चरित्राचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी काय संबंध? कच्च्या रस्त्याने, ओढ्या-नाल्यांतून जाणाऱ्या जीपची बॅटरी बदलायची वेळ आली की आपण दुकानात जाऊन सर्वांत चांगली कोणती, असा प्रश्न विचारतो. एडिसनने दहा वर्षे नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तरही मिळविले. पण बाजाराचा प्रश्न निराळाच होता. कोणत्या कामासाठी चांगली, हा तो प्रश्न. इंजिन सुरू करणे हेच काम असेल तर थंडीत इंजिन फिरविण्याची क्षमता किती अँपिअर आहे ते पाहावे. इंजिन बंद असताना दिवे किंवा गाडी ओढून काढणारे यंत्र बराच वेळ चालवायचे असेल, तर अँपिअर-तास आणि खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरण्याची तयारी पाहावी. रस्ता खडबडीत असेल तर प्लेटा डब्यात घट्ट बसविलेल्या, शक्य तर काचतंतूंच्या गादीत आम्ल जिरविलेली बॅटरी घ्यावी. ती बसण्याच्या जागेत मावते का, तिची टोके योग्य बाजूस आहेत का आणि तिला आवळणारी पट्टी पक्की आहे का, हे पाहावे. सैल पट्टीपुढे महागडी बॅटरीही टिकत नाही.

एडिसनने ज्या शिशाला हद्दपार करायचे ठरविले होते ते आज बहुतेक जीपगाड्यांच्या बॉनेटखाली बसले आहे, आणि त्याची स्वतःची बॅटरी त्याने प्रथम कल्पिले नव्हते अशा खाणींत व सिग्नलांवर नाव कमावून गेली. यात कोणाचा पराभव झाला असे मला वाटत नाही. वस्तू खरी असेल आणि ती करणारा दोष दिसताच माघार घेण्याइतका प्रामाणिक असेल, तर तिला तिचे काम आज ना उद्या सापडते.