बीगलवरील पाच वर्षे

इ. स. १८३१ च्या डिसेंबर महिन्याची २७ तारीख. इंग्लंडमधील प्लिमथ बंदरातून ‘बीगल’ नावाचे एक शिडाचे गलबत दूरच्या प्रवासास निघाले. ते जेमतेम ९० फूट लांब होते आणि त्यावर सत्तरांहून अधिक माणसे होती. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करून अचूक नकाशे तयार करावयाचे, हे त्याचे काम. त्या माणसांत २२ वर्षांचा एक उंच तरुण होता. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. किनारा दृष्टीआड होतो न होतो तोच त्याला बोट लागली आणि त्याने अंथरूण धरले.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. मुलानेही आपला व्यवसाय करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यांचे होणारे हाल चार्ल्सला पाहवेनात आणि वैद्यकाचे शिक्षण अर्धवट राहिले. पुढे धर्मोपदेशक होण्यासाठी त्याला केंब्रिजला पाठविले. पण तेथेही पुस्तकांपेक्षा भुंगेरे गोळा करण्यात त्याचे मन अधिक रमे. हा मुलगा घराण्याला कमीपणा आणील, अशी धास्ती वडिलांना वाटू लागली. अशा वेळी केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांचे पत्र आले. बीगलच्या कप्तानाला सोबतीस एक निसर्गाभ्यासक हवा होता. वडिलांनी साफ नकार दिला. परंतु चार्ल्सच्या मामांनी त्यांचे एकेक आक्षेप खोडून काढले, तेव्हा कोठे परवानगी मिळाली.

गलबतावर त्याच्या वाट्याला आली ती मागच्या बाजूची एक चिमुकली खोली. तिचा बराचसा भाग नकाशांच्या मेजाने व्यापला होता. रात्री मेजाच्या वर झोळी टांगून तो निजे. पाय पसरण्यास जागा पुरेना, म्हणून कपाटाचा एक खण रोज काढून ठेवावा लागे. आठ वाजता न्याहारी, एक वाजता जेवण आणि पाच वाजता चहा, असा नेम होता. रक्तपिती होऊ नये म्हणून लिंबाचा रस, लोणची आणि वाळविलेली सफरचंदे आहारात असत. समुद्र खवळला की चार्ल्सला यांतले काहीच सोसत नसे. मग बेदाणे आणि बिस्किटे यांवर तो दिवस काढी. जरा बरे वाटताच उठून कामाला लागे. कापडाची एक जाळीदार पिशवी करून ती तो गलबतामागे सोडी. तिच्यात सापडलेले सूक्ष्म जीव तपासून त्यांची टिपणे रोजच्या रोज वहीत उतरवी.

पहिल्या मुक्कामी त्याची निराशा झाली. टेनेरीफ बेट पाहण्याचे त्याचे जुने स्वप्न होते. परंतु इंग्लंडातून पटकी येईल या भीतीने तेथील अधिकाऱ्यांनी कोणासही उतरू दिले नाही. बेट डोळ्यांनी पाहून पुढे जावे लागले. नंतर आले केप व्हर्ड द्वीपसमूहातील सांतियागो बेट. तेथील कड्यात, समुद्राच्या पातळीपासून सुमारे ४५ फूट उंचीवर, शिंपल्यांचा एक पांढरा पट्टा त्याला दिसला. समुद्रातले शिंपले इतक्या उंच कसे गेले? जमीन हळूहळू वर उचलली गेली असावी, असे त्याने अनुमान केले.

ब्राझीलमधील बाईया बंदरात त्याची खरी कसोटी लागली. त्या देशात तेव्हा गुलामगिरी होती. गुलाम सुखी आहेत, असे कप्तान फिट्झरॉय यांचे मत. एका मालकाने आपल्या गुलामांना स्वातंत्र्य हवे काय असे विचारले आणि सर्वांनी नको म्हटले, हा त्यांचा पुरावा. मालकासमोर दिलेल्या उत्तराला किंमत ती काय, असे चार्ल्सने विचारले. कप्तान संतापले, त्याने आपल्याबरोबर राहू नये, असे त्यांनी बजावले. प्रवास तेथेच संपण्याची वेळ आली, तरी चार्ल्सने आपला शब्द मागे घेतला नाही. काही तासांनी कप्तानांनीच क्षमा मागितली.

इ. स. १८३५ च्या फेब्रुवारीत चिलीच्या किनाऱ्यावर प्रचंड भूकंप झाला. कॉन्सेप्शन शहर उद्ध्वस्त झाले. तेथील किनारा काही फूट वर आलेला चार्ल्सने पाहिला. सांतियागो बेटावरचे त्याचे अनुमान त्याच्या डोळ्यांसमोर खरे ठरले.

त्याच वर्षी गालापागोस बेटांवर मात्र त्याच्या हातून चूक झाली. प्रत्येक बेटावरील कासवांची पाठ निराळी असते, असे तेथील अधिकाऱ्याने सांगूनही त्याने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. निरनिराळ्या बेटांवरील लहान पक्षी त्याने एकत्र ठेवले. पुढे लंडनच्या पक्षितज्ज्ञांनी त्यांच्या वेगवेगळ्या जाती ओळखल्या, तेव्हा कोणता पक्षी कोणत्या बेटाचा हे त्याला सांगता येईना. चूक लपविण्याऐवजी त्याने कप्तान व इतर सोबत्यांनी जमविलेल्या पक्ष्यांचा आधार घेऊन ती शक्य तितकी सुधारली.

ताहिती, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागरातील प्रवाळबेटे, मॉरिशस आणि आफ्रिकेचे टोक असा फेरा करून बीगल २ ऑक्टोबर १८३६ रोजी फॅल्मथ बंदरात परतली. दोन वर्षांचा ठरलेला प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. बोट लागणे शेवटपर्यंत थांबले नव्हते. पण एकाही बंदरात उतरून तो घरी परतला नव्हता.

त्यानंतर डार्विन कधीही ब्रिटनबाहेर गेला नाही. जमविलेल्या नमुन्यांचा आणि वह्यांचा तो वीस वर्षांहून अधिक काळ विचार करीत राहिला. सजीवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसून काळाच्या ओघात त्या बदलत जातात, हा सिद्धांत त्याने १८५९ साली ‘जातींचा उगम’ या विषयावरील ग्रंथात मांडला आणि साऱ्या जगाच्या विचाराला निराळे वळण मिळाले. १९ एप्रिल १८८२ रोजी तो मरण पावला. वेस्टमिन्स्टर ॲबे या मंदिरात मोठ्या सन्मानाने त्याचे दफन झाले.

शाळेत आणि विद्यापीठात ज्याचे मन रमले नाही, त्याला हलत्या गलबताने शिकविले. रोज पाहावे, रोज लिहावे आणि चुकले तर पुन्हा तपासावे, एवढाच तेथला धडा होता. तो त्याने जन्मभर गिरविला.