विश्लेषण : सायकलच्या दुकानातून नांगर कसा निघाला?

नवा माल काढायला दरवेळी नवा शोधच लागतो असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंग नीट ओळखू येईनात, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवले. भावासोबत बेळगावात सायकलचे दुकान चालवले, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला.

असा नांगर विलायतेत जुनाच होता. खरी अडचण गिऱ्हाइकाची. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असे शेतकरी मानत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. दुसरा कुणी असता तर धंदाच बदलला असता! त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि कर्ज दिले. १९१० मध्ये त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. नांगरासाठी हाती बसलेले लोखंडाचे ओतकाम इथे पुन्हा पुन्हा कामी आले. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे आणि नंतर पाण्याचे पंप याच कारखान्यातून बाहेर पडले.