माहीमचे मखदूम बाबा: दर्ग्याच्या पलीकडची ओळख

डिसेंबरमध्ये माहीमचा मेळा सुरू झाला की आपल्या नवी मुंबईतूनही कितीतरी कुटुंबं लोकलने तिकडे जातात. पहिला संदल माहीम पोलिसांचा, हे मुलांनाही पाठ असतं. पण मी वर्गात विचारलं, बाबांनी लिहिलेल्या एका किताबाचं नाव सांगा, तर सगळी मुलं गप्प!

हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचा काळ साधारण १३७२ ते १४३१. माहीम तेव्हा वेगळं बेट होतं. घराणं कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या नवायतांचं. वडिलांचं छत्र लवकर हरपलं, मग वालिदा बीबी फातिमांनी मुलाच्या तालीमकडे लक्ष दिलं. आईने पाणी मागितलं आणि ती झोपी गेली, म्हणून मुलगा रात्रभर पेला घेऊन उशाशी उभा राहिला, हा किस्सा आपल्या घरोघरी सांगतात.

हाच मुलगा पुढे मोठा आलिम झाला. त्यांनी पूर्ण कुरआनची अरबी तफसीर लिहिली, 'तबसीरुर्रहमान'. एक आयत पुढच्या आयतीशी कशी जोडलेली आहे, हे उलगडून दाखवणं ही तिची खासियत. साडेचारशे वर्षांनी, १८७८ च्या सुमारास, ती थेट काहिरात छापली गेली. शाफई फिकहवर त्यांनी लिहिलं. स्पेनच्या इब्ने अरबींच्या 'फुसूसुल हिकम' या अवघड ग्रंथाची शरह केली. सूरह बकराच्या सुरुवातीच्या शब्दांची व्याकरणाने किती प्रकारे मांडणी होऊ शकते, याचा हिशेब मांडणारं लिखाणही त्यांच्या नावावर आहे. शिवाय माहीमचे काझी म्हणून लोकांचे तंटे सोडवणं होतंच.

तफसीर, कायदा, तसव्वुफ, फलसफा, व्याकरण, एवढं सगळं एका माणसात! आज आपण मुलाला दहावीनंतर लगेच विचारतो, दीनी इल्म की दुनियावी? सायन्स की आर्ट्स? बाबांनी अशा भिंती मानल्या नाहीत. दिवसा लोकांचा इन्साफ आणि हातात कलम, दोन्ही त्यांनी सांभाळलं.

म्हणून यंदा माहीमला जाल तेव्हा फातिहा जरूर पढा, मुलांना मेळाही दाखवा. पण परतीच्या लोकलमध्ये त्यांना एवढं नक्की सांगा: ज्यांच्या दारात आपण जाऊन आलो, ते लिहिणारे-वाचणारे होते. आणि त्यांना पहिल्यांदा शिकायला बसवलं ते एका आईने.