नदीच्या थरांत हवामान शोधणारे सांकळिया

छत्रपती संभाजीनगर : मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. मात्र लेखी नोंदींपूर्वी येथे पाऊस कसा होता, हे फक्त माती आणि दगडच सांगू शकतात. शेजारच्या नेवाशात प्रवरेकाठी ही साक्ष जमविणाऱ्यांत पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया अग्रणी होते.

मुंबईत १९०८ मध्ये जन्मलेले सांकळिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीकाठी आणि पुढे नेवाशात अश्मयुगीन हत्यारे शोधताना त्यांनी ती कोणत्या थरात सापडली, याचीही काटेकोर नोंद ठेवली. गोट्यांचा थर म्हणजे भरपूर पाऊस, बारीक गाळ म्हणजे कोरडा काळ, असा तेव्हाचा ठोकताळा होता. दुबळ्या पावसातही पात्रात गाळ-गोटे साचतात, हे पुढील संशोधनाने दाखविल्यावर तो बदलावा लागला. थरांच्या नोंदींचे मोल मात्र टिकले.

घोडनदीकाठच्या इनामगावात १९६८ पासून झालेल्या उत्खननात जळके धान्य आणि जनावरांची हाडे अभ्यासली गेली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तेथील शेती खालावली, शिकार व पशुपालन वाढले. हवामान कोरडे झाल्याने हे घडले असावे, असा निष्कर्ष त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला.

पद्मभूषण (१९७४) सांकळिया यांचे १९८९ मध्ये पुण्यात निधन झाले. पाऊस हटला की गाव कसे बदलते, याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला या कामातून महाराष्ट्राच्या हाती आला.